पुढची नंबर प्लेट आखूड करताना: ब्रिटनमधल्या गाडीसाठी मिलिमीटरचा हिशेब

माझी गाडी माझदा एमएक्स-५. दोन सीटांची, बुटकी, हसऱ्या तोंडाची. ब्रिटनमधली नेहमीची नंबर प्लेट ५२० मिलिमीटर लांब आणि १११ मिलिमीटर उंच. ती या गाडीच्या तोंडावर लावली की लहान पोरानं आजोबांचा चष्मा घातल्यासारखं दिसतं. म्हणून मी पुढची प्लेट आखूड करून घेतली. पहिल्यांदा चुकलो, दुसऱ्यांदा जमलं. हा लेख त्या दुसऱ्या वेळेचा आहे. पहिलीची गोष्ट ओघात येईलच.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून मामा आले होते. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "काय रे, पाटी कापलीस व्हय? पोलीस धरत नाहीत तुला?" म्हटलं, "मामा, पाटी कापलेली नाही. कडेची रिकामी जागा तेवढी कमी केलीय." आखूड प्लेटचा सगळा कायदा या एका वाक्यात आला. अक्षरं लहान करता येत नाहीत, एकमेकांना खेटवता येत नाहीत, तिरकी करता येत नाहीत. डावी-उजवीकडची पांढरी पट्टी मात्र ठरावीक मर्यादेपर्यंत कमी करता येते.

भारतात बसून हे वाचणाऱ्यांसाठी इथेच सांगतो, हा उद्योग तिकडे करू नका. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं माप गाडीच्या प्रकाराप्रमाणे ठरलेलं आहे. कारसाठी ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २०० मिलिमीटर. ती पुन्हा न वापरता येणाऱ्या स्नॅप लॉकनं बसवतात. तिथे क्रमांक कितीही छोटा असला तरी पाटी तेवढीच.

आता ब्रिटनमध्ये ही रिकामी जागा उरलीच कशी, ते पाहू. २००१ च्या सप्टेंबरपर्यंत प्लेटवरचं अक्षर ५७ मिलिमीटर रुंद असायचं. सात अक्षरांची बेरीज ५०९ मिलिमीटरवर जायची आणि ५२० ची प्लेट जेमतेम पुरायची. १ सप्टेंबर २००१ पासून अक्षराची रुंदी ५० वर आली, म्हणजे डाव्या कडेला देशाच्या चिन्हाची पट्टी बसवता यावी. प्लेटची लांबी मात्र तीच राहिली. ती पट्टी ज्यानं घेतली नाही त्याच्या प्लेटवर कडेला नुसतं पांढरं मैदान उरतं. आपण कमी करणार ते हेच मैदान.

आधी बेरीज

लागणारी मापं ही. अक्षराची उंची ७९, रुंदी ५०, रेषेची जाडी १४. दोन अक्षरांमध्ये ११. दोन गटांमध्ये, म्हणजे एबी ५१ आणि सीडीई यांच्या मध्ये, ३३. वर, खाली आणि दोन्ही कडांना किमान ११. सगळं मिलिमीटरमध्ये. रोमन आय हे अक्षर आणि इंग्रजी एकचा आकडा यांना मात्र ५० लागत नाहीत. ती नुसती उभी रेघ असते, त्यामुळे त्यांची रुंदी १४ धरायची.

एबी ५२ सीडीई असा क्रमांक घ्या. सात अक्षरांचे ३५०. गटांच्या आतल्या फटी पाच, त्यांचे ५५. गटांमधले ३३. दोन कडांचे २२. एकूण ४६०. म्हणजे ५२० मधून ६० मिलिमीटर वाचले, दोन्ही बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर. डोळ्याला फरक कळतो, पण शेजारी थांबून बघेल एवढा नाही.

क्रमांकात एकचा आकडा आला की प्रत्येक एकामागे ३६ मिलिमीटर आणखी कमी होतात. हल्लीच्या सात अक्षरी पद्धतीत आकडे दोनच असतात आणि ते गाडीच्या नोंदणीचा काळ सांगतात. मार्चपासून नोंदलेल्या गाडीला वर्षाचे शेवटचे दोन आकडे, सप्टेंबरपासून नोंदलेल्या गाडीला त्यात ५० मिळवून. त्यामुळे या पद्धतीत सगळ्यात आखूड प्लेट २०११ च्या मार्चपासूनच्या सहामाहीत नोंदलेल्या गाड्यांना मिळते. त्यांच्यावर ११ असतं. एबी ११ सीडीई: ५० ची पाच अक्षरं म्हणजे २५०, दोन एकांचे २८, फटींचे ५५, मधले ३३, कडांचे २२. बेरीज ३८८. माझी गाडी नेमकी त्या सहामाहीतली. घेताना हे डोक्यातही नव्हतं, पण आता कुणी विचारलं तर ठरवून घेतली असं सांगतो.

१९८३ ते २००१ च्या काळातल्या जुन्या पद्धतीचा किंवा विकत घेतलेला खासगी क्रमांक असेल तर प्लेट आणखी लहान होते. ए १ बीसीडी हा पाच अक्षरी क्रमांक ३०२ मध्ये बसतो. सूत्र तेच: रुंद अक्षरं गुणिले ५०, एक आणि आय गुणिले १४, गटाच्या आतल्या फटी गुणिले ११, वर ३३ आणि २२.

आलेल्या उत्तरात मी आठ-दहा मिलिमीटर मिळवतो. कडेला किमान ११ हवेत, जास्त चालतात. कापणाऱ्याचा हात दोन मिलिमीटर हलला की ११ चे ९ होतात आणि प्लेट बेकायदा ठरते. ३८८ आलं असेल तर ३९६ सांगा. दिसायला फरक पडत नाही.

विजेच्या गाडीवाल्यांना ८ डिसेंबर २०२० पासून डाव्या कडेला हिरवी पट्टी लावता येते. ती घेतलीत तर चार-पाच सेंटिमीटर तिथेच गेले. पट्टी ऐच्छिक आहे, त्यामुळे आखूड प्लेट हवी असणारे ती सोडतात. यूके लिहिलेल्या निळ्या पट्टीचंही तसंच, पण तिच्याबद्दल शेवटी बोलू.

पुठ्ठा

पैसे भरण्याआधी खोक्याचा पुठ्ठा तुमच्या मापाचा कापा आणि मास्किंग टेपनं सध्याच्या प्लेटवर चिकटवून बघा. दहा पावलं मागे जा. मग खाली वाका आणि जवळून पाहा. नवी प्लेट टो आयच्या, म्हणजे बंद गाडी ओढायची कडी बसते त्या जागेच्या, झाकणावर येते का? पार्किंग सेन्सर झाकला जातो का? ज्या गाड्यांचा क्रूझ कंट्रोल समोरच्या गाडीप्रमाणे वेग कमी-जास्त करतो त्यांचा रडार बहुधा खालच्या जाळीमागे किंवा कंपनीच्या चिन्हामागे असतो. त्याच्या तोंडावर काहीही यायला नको. प्लेट आहे त्याच ठिकाणी आखूड होत असेल तर हे प्रश्न सहसा येत नाहीत. एका बाजूला सरकवायची असेल तर हमखास येतात. अल्फा रोमिओच्या काही गाड्यांना कंपनीच प्लेट बाजूला देते. ते पाहून आपल्यालाही हुरूप येतो, पण त्यांचा बंपर मुळात तसा घडवलेला असतो.

दुसरी गोष्ट लोकांना प्लेट काढल्यावरच दिसते. ५२० ची प्लेट ज्या स्क्रूंवर होती त्यांची भोकं बहुतेक वेळा आखूड प्लेटच्या बाहेर पडतात. पुठ्ठा बरोबर मध्ये धरा आणि जुने स्क्रू त्याच्या आत आहेत की बाहेर ते बघा. बाहेर असतील तर भोकं बुजवण्याची तयारी आधीच ठेवा.

कुठे बनवायची

इथे माझी पहिली चूक. इंटरनेटवर एकानं कागदपत्रं न विचारता "३६० मध्ये बसवून देतो" म्हटलं. मीही बेरीज न करता पैसे भरले. प्लेट देखणी होती. पण ३८८ चं ऐवज ३६० मध्ये कोंबायचं तर अक्षरं जवळ आणावीच लागतात, आणि त्यानं ती आणली होती. तीन महिन्यांनी एमओटीच्या, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीच्या, वेळी तपासनीसानं फूटपट्टीसुद्धा काढली नाही. लांबूनच बघून मान हलवली आणि गाडी नापास केली. अक्षरांमधल्या अंतरासाठी एमओटी नापास होते. शिवाय दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो आणि खासगी क्रमांक असेल तर तो काढूनही घेतला जाऊ शकतो.

रस्त्यावर चालणारी प्लेट नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच घ्यावी लागते. तो दोन गोष्टी मागतो: तुमची ओळख, म्हणजे लायसन्स किंवा पासपोर्ट वगैरे, आणि त्या क्रमांकावर तुमचा हक्क असल्याचा कागद. आपण लॉगबुक म्हणतो ते व्ही५सी यासाठी चालतं. खासगी क्रमांक अजून गाडीवर चढवलेला नसेल तर व्ही७५० किंवा व्ही७७८, म्हणजे त्या क्रमांकाचं प्रमाणपत्र. कागद न मागणारा विक्रेता 'शो प्लेट' विकत असतो. ती गाडी प्रदर्शनात उभी करण्यापुरती.

जुनी प्लेट घरी करवतीनं कापू नका. पारदर्शक ॲक्रिलिकच्या मागे परावर्तक फिल्म चिकटवून ती बनवलेली असते. कापलेल्या कडेतून ओल आत शिरते आणि पहिल्याच हिवाळ्यात फिल्म काळवंडून फुगायला लागते. आणि नव्या प्लेटला वीस-तीस पौंडांच्या आसपास लागत असताना हा खटाटोप कशाला?

हातात आल्यावर स्टीलची पट्टी घेऊन बसा. अक्षराची उंची ७९ आहे का, फटी ११ आहेत का, मधली मोकळी जागा ३३ आहे का, कडा ११ च्या खाली गेल्या नाहीत ना. खालच्या कडेला बीएस एयू १४५ई हा मानकाचा क्रमांक, पुरवठादाराचं नाव आणि त्याचा पोस्टकोड छापलेला हवा. १ सप्टेंबर २०२१ पासून बसवलेल्या नव्या प्लेटला हेच मानक लागू आहे. त्यात अक्षरं पूर्ण काळी हवीत. उठावाची अक्षरं चालतात, दोन रंगांची सावली नाही. पुढची प्लेट पांढरी, मागची पिवळी, हे वेगळं सांगायला नको.

स्क्रू की टेप

माझ्या मते खरी मेख इथे आहे. नेहमीच्या प्लेटला अक्षरांच्या बाहेर दोन्हीकडे भरपूर जागा असते, तिथे स्क्रू जातो. आखूड प्लेटला कडेला ११ मिलिमीटर. स्क्रूची टोपीच त्याहून मोठी असते. तरीही लोक तिथेच भोक पाडतात. मग टोपी अर्धी अक्षरावर येते आणि सीचा ओ, एफचा ई असा घोळ होतो. स्क्रूमुळे अक्षराचं रूप बदलणं हा स्वतंत्र दोष आहे.

हा घोळ पोलिसापुरता नाही. लंडनच्या सर्व बरोंमध्ये, म्हणजे शहराच्या सगळ्या विभागांमध्ये, २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचा आकार, लागू आहे. नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड, आणि वसुली सगळी कॅमेऱ्यानं वाचलेल्या क्रमांकावर. तुमचा सी कॅमेऱ्यानं ओ वाचला तर बिल कुण्या दुसऱ्याच माणसाच्या घरी.

स्क्रूच लावायचे असतील तर जागा एकच: गटांमधली ३३ मिलिमीटरची पट्टी. तिथे वर एक, खाली एक. भोकं प्लेट लाकडाच्या फळीवर ठेवून, वर मास्किंग टेप लावून, ड्रिल हळू फिरवत पाडायची. जोर दिला तर ॲक्रिलिकला बारीक चीर जाते आणि ती थंडीत वाढत अक्षरापर्यंत पोचते. भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं ठेवा, टोपी पांढरी वापरा. पण नुसत्या मधल्या दोन स्क्रूंवर प्लेट टोकांना फडफडते. म्हणून टोकांना टेप लागतेच. मग मी म्हणतो, सगळीच टेप का नाही?

मी ३एमची व्हीएचबी ही दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप वापरली. प्लेटचं वजन पाव किलोसुद्धा नसतं, त्यामुळे भाराची काळजी नाही. टेप सुटते ती बंपरच्या गोलाईमुळे. सपाट प्लेट गोल बंपरवर दाबून चिकटवली की तिची टोकं सरळ व्हायला धडपडत राहतात, आणि दोन महिन्यांनी एक कोपरा वर येतो. इथे आखूड प्लेटचा एक फायदा हिशेबातच दिसतो. बंपरची गोलाई दीड मीटर त्रिज्येची धरली तर ५२० च्या प्लेटच्या टोकाला साडेबावीस मिलिमीटर फट पडते, ३८८ च्या टोकाला साडेबारा. लांबी पाऊण झाली की फट जवळजवळ निम्मी होते. उरलेली फट प्लेट वाकवून नाही, टोकांना जाड फोमच्या गाद्या एकावर एक लावून भरायची. हीट गननं प्लेट वाकवण्याचे व्हिडिओ बघितलेत तर तिथेच सोडून द्या. मागची फिल्म फोडासारखी फुगते.

प्रत्यक्ष दिवस

कोरडा दिवस निवडा, शक्यतो मे ते सप्टेंबरमधला. ही टेप २१ ते ३८ अंशांत उत्तम धरते आणि दहाच्या खाली लावूच नये. इंग्लंडात २१ अंश म्हणजे सण. नसतील तर बंपर आणि टेप दोन्ही हेअर ड्रायरनं हाताला कोमट लागेपर्यंत तापवा. काम घराच्या दारातच करा. पुढची प्लेट काढलेल्या अवस्थेत गाडी दुकानापर्यंतसुद्धा न्यायची नाही.

जुनी प्लेट स्क्रूवर असेल तर टोप्या नखानं उचकटा. स्क्रू गंजला असेल तर डब्ल्यूडी-४० मारून चहा पिऊन या. टेपवर असेल तर कडा ड्रायरनं तापवा आणि मासेमारीची दोरी किंवा डेंटल फ्लॉस मागे घालून करवतीसारखी ओढा. पेचकस घालून उचकटलंत तर रंग गेलाच. उरलेला फोम अंगठ्यानं घासून वळ्या करत काढायचा. कंटाळवाणं काम आहे, पण ब्लेडपेक्षा बरं. चिकटपणा डांबर काढायच्या द्रवानं जातो.

आता उघडी पडलेली भोकं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दुकानात मिळणारी प्लास्टिकची बुचं. बंपरच्या रंगाचा टच-अप रंग त्यांना आधीच देऊन वाळवा आणि मग दाबा. नीट लावली तर दोन मीटरवरून दिसत नाहीत. जुन्या प्लेटखालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो, त्यामुळे बंपरवर ५२० चा गडद चौकोन उमटलेला असतो. तो पॉलिशनं बराच हटतो. लाल गाडीवर पूर्ण जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चिकटवायची जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसा. प्लेटची मागची बाजूही. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. मेण असलेल्या शाम्पूनं आदल्या दिवशी गाडी धुतली असेल तर दोनदा पुसा. टेप न टिकण्याचं हे एक नेहमीचं कारण.

मध्य काढताना जुन्या प्लेटचा खड्डा प्रमाण मानू नका. बॉनेटच्या चिन्हापासून दोरा सोडा आणि बंपरवर मास्किंग टेपचा तुकडा लावून खूण करा. आडवी पातळी पाहायला लेव्हल वापरण्यातही अर्थ नाही, कारण तुमचा ड्राइव्हवे सपाट नसतो. बॉनेटच्या खालच्या कडेपासून डावीकडे आणि उजवीकडे सारखंच अंतर मोजा. त्या दोन खुणा जोडणारी मास्किंग टेप ताणून लावली की ती प्लेटची वरची कड. गाडीच्या रेषेला प्लेट समांतर हवी, पृथ्वीला नव्हे. मात्र समोरून बघता ती शक्य तितकी उभी असू द्या, आभाळाकडे तोंड करून नको.

टेपचे तुकडे उभे लावा, आडवे नाही. उभ्या पट्ट्यांमधून पाणी खाली वाहून जातं. आडव्या पट्टीवर ते साठतं आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठासकट तिथेच राहतं. टोकांपासून सेंटिमीटरभर आत एक-एक, आणि मध्ये दोन. मागचा कागद पूर्ण काढू नका. थोडा सोलून त्याची शेपटी बाजूला दुमडून ठेवा. प्लेट खुणेला टेकवून पाहा, मनासारखं झालं की मध्य दाबा आणि शेपट्या एकेक ओढून काढत टोकांकडे दाबत जा. एकदा धरली की सरकवता येत नाही, म्हणून हा उपद्व्याप. प्रत्येक पट्टीवर तळहातानं दहा-पंधरा सेकंद जोर द्या.

वीस मिनिटांत टेपची निम्मी ताकद येते, दिवसभरात नव्वद टक्के, पूर्ण यायला ७२ तास लागतात. हे आकडे सामान्य तापमानाचे, थंडीत जास्त. तीन दिवस जेट वॉश नको. माझ्या शेजाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी कौतुकानं माझी गाडीही धुऊन ठेवली होती. टेप टिकली, मी मात्र रात्रभर उठून खिडकीतून बघत होतो.

काम झालं की वीस मीटर चालत जा आणि वळून प्लेट वाचा. इथल्या ड्रायव्हिंग टेस्टच्या सुरुवातीला डोळे तपासायला याच अंतरावरून नंबर वाचायला लावतात, तेव्हा कसोटी ओळखीची आहे. एक फोटो काढून ठेवा, शेजारी पट्टी धरून. रस्त्यात कुणी थांबवलं तर तोंडी वाद घालण्यापेक्षा तो दाखवणं सोपं.

जुनी प्लेट कचऱ्यात टाकण्याआधी मोडा, अक्षरांच्या मधून. अख्खी प्लेट सापडली की तुमच्यासारखीच गाडी असलेला चोर ती आनंदानं वापरतो, आणि त्याचे दंड तुमच्या पत्त्यावर येतात.

राहिली ती यूकेची पट्टी. ती नसलेल्या प्लेटवर इंग्लंडात काही अडत नाही. चॅनल ओलांडून फ्रान्सला गाडी न्यायची तर मागे यूकेचं स्टिकर लावा. २८ सप्टेंबर २०२१ पासून जुनं जीबीचं स्टिकर चालत नाही. स्पेन, सायप्रस आणि माल्टामध्ये प्लेटवर काहीही असलं तरी वेगळं स्टिकर लागतंच. आयर्लंडला जायचं असेल तर ते लागत नाही.